गुणवंतीने सोडलेली पेज

रात्रभर झोपून उठलेले माणूस सकाळी थकलेले का असावे, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. गुणवंतीला तपासणाऱ्या रत्नागिरीतल्या तिघा डॉक्टरांनाही ते देता आले नव्हते. पहिल्याने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने मन रमवायला सांगितले. तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळे कागद पुन्हा वाचले, तिला अर्धा तास बोलू दिले आणि मग सांगितले, "तुम्हाला झालंय त्याला नाव आहे, पण खात्रीचं औषध नाही. आळस मात्र हा नव्हे, एवढं मी लिहून देते." औषध नाही हे ऐकून रडू यावे, तर गुणवंतीला त्या दिवशी हायसे वाटले. दोन वर्षांत तिच्या दुखण्याला कोणी पहिल्यांदाच दुखणे म्हटले होते.

गुणवंती रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बाजूची, दर्यावर्दी घरातली. नवरा खंडू दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट नेणारा आणि आणणारा. मुलगी रुचिरा शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासण्याच्या कामाला. गुणवंती स्वतः पहाटे बंदरावर लिलावात मासळी घेई, रिक्षातून बाजारात आणी आणि दुपारपर्यंत विके. तिचा आवाज खणखणीत होता, आणि कोणत्या गिऱ्हाइकाच्या घरी कोणती मासळी चालते हे तिला तोंडपाठ असे. कोणाच्या सासूला काट्याची भीती, कोणाकडे गुरुवार पाळतात, कोणाचा मुलगा मुंबईहून आला की सुरमईच लागते, हे सगळे तिच्या डोक्यात विनासायास बसलेले असे.

२०२१च्या साथीत तिला ताप आला. ताप गेला, थकवा राहिला, आणि तो थकवाही विचित्र. काम केले त्या दिवशी काही होत नसे. शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळे. बाजार करून आलेली गुणवंती संध्याकाळी हसतखेळत असे आणि सकाळी तिला उशीवरून मान उचलवत नसे. अंग वाळूत रुतलेल्या होडीसारखे जड होई. एकदा सुरमई हातात धरून ती उभी राहिली आणि तिला त्या माशाचे नावच आठवेना. गिऱ्हाईक हसले. तिने बळेच हसून वेळ मारून नेली, पण घरी येऊन दार लावून घेतले. लोकांनी आपापल्या परीने निदान केले. कोणी म्हणाले नजर, कोणी म्हणाले बाहेरचे. खंडूने ग्रामदेवतेला कौल लावला. देवीनेही धीर धरायला सांगितले. त्यावर गुणवंती म्हणाली, "म्हंजे तिलाबी ठाव नाय."

२०२३च्या जानेवारीत ती बाजारातच कोसळली. शेजारी बसणाऱ्या काशीने तिला रिक्षात घातले, आणि परत येऊन गुणवंतीचा मासळी मांडायचा लाकडी पाट उचलून तिच्याच जागेवर उपडा घातला.

या उपड्या पाटाचा अर्थ त्या बाजारातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. जागा कोणाच्या नावावर नसत. जी बसे तिची जागा. पण बाळंतपण, आजारपण, घरातले मरण यासाठी बाईला थांबावे लागे, म्हणून जुन्या बायकांनी रीत घालून दिली होती. गैरहजर बाईचा पाट तिच्या जागेवर उपडा राहील आणि त्या जागेवर दुसरी कोणी मासळी मांडणार नाही. मात्र ही मुदत येत्या नारळी पौर्णिमेपर्यंतच. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराला जिचा पाट तिने स्वतःच्या हाताने उताणा केला नाही, तिची जागा गेली. नवऱ्याने किंवा मुलीने येऊन पाट फिरवलेला चालत नसे. गुणवंतीची जागा तिच्या सासूची होती, नळाजवळची, सकाळी सावलीतली. तिच्यावर शमिका नावाच्या एका तरुण विधवेचा डोळा होता. तो असावा यात गैर काहीच नव्हते, कारण ती दोन लेकरांना घेऊन बाजाराच्या दाराबाहेर उन्हात बसे.

तेव्हा प्रश्न सरळ होता. पौर्णिमेपर्यंत गुणवंती त्या पाटापर्यंत पोचते की नाही?

*

कीटो आहाराची गोष्ट रुचिराने काढली. हा थकव्याचा आजार असलेल्या काही जणांना या आहाराने उतार पडल्याचे तिने वाचले होते. भात, भाकरी, साखर बंद करायची आणि तेल, खोबरे, अंडी, मासे यांवर राहायचे. मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते, असा तो हिशेब. डॉक्टरीणबाईंनी हातचे राखून होकार दिला. "पुरावा तुटपुंजा आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला मधुमेह नाही, मूत्रपिंडं चांगली आहेत. शिमग्यानंतर सुरू करू. रक्त मी तपासत राहीन. मीठपाणी कमी पडू द्यायचं नाही. आणि बरं वाटलं तरच पुढे, नाहीतर बंद." मग त्यांनी विचारले, "रोजच्या जेवणात काय काय असतं?" गुणवंतीने प्रामाणिकपणे सांगितले: दोन्ही वेळेला भात, तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, सणाला घावणे. बाईंनी भात, भाकरी, घावणे यांच्यावर काट मारली. पोहे, बटाटा, आंबा, फणस यांच्यावरही मारली.

आंबा ऐकताच खंडू कळवळला. "अवो बाई, रत्नांग्रीत ऱ्हाऊन आंबो नाय?"

"तुम्ही खा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कुठे काय झालंय?"

खंडूने तो सल्ला मनावर घेतला.

घरात मासे होते, परसात माड होते; कागदावर पाहता हा आहार जणू मिऱ्यावर बसूनच कोणी आखला असावा. अडचण वेगळीच निघाली. कालवण कशाशी खायचे? ज्या घरात "जेवलीस काय" याचा अर्थ "भात खाल्लास काय" असा होतो, तिथे वाटीभर बांगड्याचे कालवण नुसतेच चमच्याने पिणे म्हणजे जेवणाची थट्टा वाटे. समाचाराला आलेल्या काशीने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"भाताबिगर कालवण! म्हंजे नवऱ्याबिगर वरात गो गुणवंते."

"नवऱ्याबिगर वरात बरी, काशीवयनी. भांडाण नाय."

"आणि जेवल्यासारखा वाटता काय?"

"ता मात्र नाय वाटत," गुणवंतीने कबूल केले.

पहिले दिवस वाईट गेले. डोके ठणके, पोटऱ्यांत गोळे येत. मीठ वाढवल्यावर ते ओसरले. खोबरेल घातलेली अंडी तिला आवडू लागली. तारलीसारखी तेलकट मासळी, जी आजवर ती गिऱ्हाइकांना "पोटाला जड" म्हणून जपून देई, तीच आता तिच्या ताटात रोज दिसू लागली. पण थकवा होता तिथेच होता. रुचिरा प्रयोगशाळेतून कागदी पट्ट्या आणी. शरीर चरबी जाळू लागले की लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग जांभळा होतो. गुणवंतीची पट्टी कधी फिकट गुलाबी होई, कधी तेवढीही नाही. चैत्र गेला, वैशाख आला. खंडू अंगणात बसून हापूस चोखत होता आणि गुणवंती त्याच्याकडे पाठ करून सोलकढी पीत होती. इतके करूनही पट्टी काही बोलत नव्हती.

शेवटी रुचिराच्या तोंडून शब्द निसटला. "आये, खरा सांग. चोरून खातेस काय?"

गुणवंतीने विळी धुऊन बाजूला ठेवली, पदराने हात पुसले. "वीस वर्सां तागडी धरली मी," ती म्हणाली. "आजवर एका बाईन माज्या तागडीवर बोट ठेवला नाय. तू ठेवलंस." आणि ती आत जाऊन निजली.

मुलीला आपण काय बोललो ते कळले, पण बोललेले परत घेता येईना. कारण पट्टी तर समोर होती. आईवर विश्वास ठेवावा तर पट्टी खोटी, पट्टीवर ठेवावा तर आई खोटी. दोन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

*

कोडे सुटले ते एका रविवारी सकाळी. एरवी रुचिरा रविवारीसुद्धा सहाच्या ठोक्याला घराबाहेर पडे. त्या रविवारी तिला सुटी होती. ती तोंड धुऊन स्वयंपाकघरात आली तर आई चुलीपाशी पाटावर बसून काशाच्या वाडग्यातून काही पीत होती. जोडीला मिठातल्या कैरीची फोड. शेजारी काशी, तिच्याही हातात वाडगा.

"काय ता, आये?"

"पेज."

"पेज?" रुचिराचा आवाज चढला. "तांदळाची?"

"मग काय गव्हाची करतत?" काशी म्हणाली.

"रोज पितेस?"

"पेज कोण रोज पीत नाय?" गुणवंतीला प्रश्नच कळेना. "दुखणाईत माणसाक पेज नको काय? अंगात तरान कशान येनार?"

"अगो आये, डॉक्टरनी भात बंद केलाय!"

"भात बंदच हाय. शीत शिवली नाय मी. ही पेज हाय."

रुचिरा मटकन खाली बसली. तिला आधी रडू आले, मग हसू आले, मग दोन्ही एकदम. काशी घाबरून म्हणाली, "हिला काय झाला? हिला पन पेज देव?"

या चुकीला अडाणीपणा म्हणण्याची घाई करू नये. कोकणातल्या घरात भात हे जेवण आहे. पेज हे जेवण नव्हे. ज्याला जेवण जात नाही त्याला पेज देतात. "जेवलो नाय, नुसती पेज घेतली" हे वाक्य उपाशी राहिल्याचे सांगण्यासाठी उच्चारले जाते. तापकरी, बाळंतीण, दात नसलेला म्हातारा, पहाटे शेतावर किंवा बोटीवर निघणारा, या सगळ्यांना घराने दिलेला तो आधार असतो, आणि आधाराची गणना कोणी खाण्यात करीत नाही. डॉक्टरीणबाईंनी जेवणात काय असते असे विचारले होते आणि गुणवंतीने जेवणात जे असते ते सांगितले होते. तिच्या उत्तरात लबाडी नव्हती, आणि बाईंच्या प्रश्नातही खोट नव्हती. रुचिराही जन्मभर तीच पेज प्यालेली. प्रयोगशाळेत जाऊन ती पट्टीचा रंग वाचायला शिकली, पण आईच्या वाडग्यात डोकावून पाहायचे तिलाही सुचले नव्हते.

"मी तुला खोटी म्हटला," ती म्हणाली.

"म्हटलंस खरा," गुणवंती म्हणाली. मग तिने हातातल्या वाडग्याकडे पाहिले. अर्धा राहिला होता. तिने तो काशीपुढे सरकवला. "घ्या, वयनी. माझी पेज सरली."

हे सांगायला सोपे आहे. भात सोडणे गुणवंतीला जमले होते, कारण भात सोडल्यावरही पेज होती. आता तीही गेली तेव्हा आपण खरोखर काहीतरी सोडले आहे हे तिला कळले. सकाळी चुलीपाशी हात रिकामे राहू लागले. मग तिनेच त्यावर तोड काढली. वाडगा तोच ठेवला. त्यात तारलीची डोकी आणि काटे मीठ, तिरफळे घालून उकळलेले पाणी गाळून घेऊ लागली, वर चमचाभर खोबरेल. काशीने वास घेतला आणि म्हणाली, "मांजरीन व्हशील एक दिस." गुणवंती शांतपणे म्हणाली, "मांजर दमलेली बघितलीत कवा?"

आठवड्याभरात पट्टी जांभळी झाली. रुचिराने ती आईच्या डोळ्यांपुढे धरली. गुणवंतीने ती उन्हात नेऊन नीट पाहिली, मासळीचे कल्ले पाहावेत तशी. "ताजी हाय," ती म्हणाली.

*

उतार पडला तो आधी डोक्याला. सकाळचे मळभ विरळ झाले. नावे परत आली; एके दिवशी तिने रुचिराला बाजारातल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची नावे आणि त्यांच्या आवडी एका दमात म्हणून दाखवल्या. पायांतले बळ त्यामागून हळूहळू आले. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर चढल्या, खंडू घरी बसला. ताजी मासळी दुर्मीळ झाली तेव्हा अंडी, सुकट आणि खाडीतले जे मिळेल ते यांवर तिने निभावले.

आणि मग तिने दुसरी चूक केली. ही मात्र जगातल्या कोणत्याही उत्साही माणसाने केली असती. जुलैत एका सकाळी तिला इतके हलके वाटले की तिने घर सारवावे तसे धुऊन काढले, माळ्यावरची भांडी उतरवून घासली, आणि संध्याकाळी काशीच्या घरापर्यंत चालत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली. पट्टी जांभळीच होती.

"मग ह्या खाण्याचा उपेग काय?" तिने विचारले. पौर्णिमा महिन्याभरावर आली होती.

उत्तर खंडूने दिले, आणि तेही जाळे शिवता शिवता, मान वर न करता.

"बोट अर्ध्या टाकीवर काढली तर मी कुठना वळतंय, ठाव हाय?"

"अर्ध्या टाकीची बोट काढता कशाला?"

"समज काढली."

"डिझेल सरत आला की वळाल."

"म्हंजे भर दर्यात बसलो." खंडूने दोरा दातांनी तोडला. "डिझेल जाताना सरत नाय गो, येताना सरता. मासळी दिसत असतानाच वळायचा असता. तुझी टाकी जरा भरली ह्या खान्यान. पन तू काय करतंस? बरा वाटता तंवर जातंस. वळायचा ता आधी."

डॉक्टरीणबाईंनी हेच आधी सांगितले होते, शास्त्रीय शब्दांत, आणि गुणवंतीने मानही डोलावली होती. पण थकवा येण्यापूर्वी थांबायचे हे कष्टाळू बाईच्या अंगाला पटत नाही. थकल्याशिवाय थांबणारीला तिच्या घरात आळशी म्हणतात. तांडेल मात्र मासळी दिसत असताना वळला तर त्याला आळशी कोणी म्हणत नाही, शहाणा म्हणतात. गुणवंतीने त्या दिवसापासून स्वतःला तांडेल मानले. भांडी चार घासायची आणि पाचवे हातात घ्यावेसे वाटले की उठायचे. दारापासून विहिरीपर्यंत जायचे आणि पुढे जाववत असतानाच परतायचे. पडून राहण्याचे दिवस कमी झाले. मात्र पूर्वीसारखा दुपारपर्यंतचा बाजार आपल्या टाकीत बसत नाही, हेही तिला स्पष्ट कळले. ते कळल्यावर ती रडली नाही. तिने रुचिराला एवढेच विचारले, "ती शमिका अजून दाराबाहेरच बसते काय गो?"

*

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला गेला. काशीने नारळी भात आणला. गुणवंतीने त्यातले एक शीत उचलून जिभेवर ठेवले, देवाचे म्हणून, आणि उरलेला खंडूकडे सरकवला. खंडूने तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला तेव्हा रिक्षातून गुणवंती उतरली. मागून रुचिरा पाठ टेकायची खुर्ची घेऊन उतरली. बाजारात खुर्ची! बायका आधी खुर्चीकडे पाहत राहिल्या, मग तिच्याकडे.

"कलेक्टरीन इली गो!" कोणीतरी ओरडले.

"कलेक्टरीनच इलंय," गुणवंती म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता. ती नळाजवळ गेली. सात महिने उपड्या पडलेल्या पाटाला शेवाळ धरले होते. तिने वाकून, दोन्ही हातांनी, तो उताणा केला.

काशीने डोळे पुसले. शमिकाने मान खाली घातली आणि आपली टोपली उचलून दाराकडे निघाली.

"तू कुठं चाललंस?" गुणवंतीने हाक मारली. "हिकडं ये. मी हितं सकाळच्या पयल्या गिऱ्हाइकीपुरती बसनार. ऊन नळाला लागला की मी उठनार. मग ह्या पाटावर तू मांडायचंस."

गलका झाला. एक म्हातारी पुढे आली. "असा रीतीत नाय. पाट एक तर उपडा, नाय तर उताना. अर्धा उताना पाट कुनी बघितलाय?"

"पाट अर्धा नाय, आत्ये. पाट अख्खा उताना हाय." गुणवंती खुर्चीत टेकून बसली. "बसनारी बदलेल. रीत पाटाची हाय. बायांची हाय काय?"

म्हातारीने विचार केला. रीत घालणाऱ्या बायकांनी आजारी पडणाऱ्या बाईची सोय केली होती आणि बऱ्या झालेल्या बाईचीही. थोडी बरी, थोडी आजारी अशी बाई त्यांच्या काळी एकतर उभी राही किंवा मरे. तिच्यासाठी त्यांनी काहीच ठरवले नव्हते. तेव्हा नाही म्हणायला आधार नव्हता.

"आणि ही शमिका तुज्यावर उलटली तर?" म्हातारीने शेवटचा खडा टाकला.

"तर मी हिला तारलीचा पानी पाजीन," गुणवंती म्हणाली, आणि काशी एवढ्या जोराने हसली की नळावरचा कावळा उडाला.

पहिले गिऱ्हाईक आले. बाईने तिला ओळखले, पण बाईचे नाव घेता घेता गुणवंती क्षणभर थांबली. मग गुणवंती म्हणाली, "तुमच्या सासूला काटा चालत नाय. पापलेट बघा." ऊन नळाला लागले तेव्हा टोपलीत अजून मासळी होती आणि समोर गिऱ्हाईकही उभे होते. गुणवंती उठली. तिने खुर्ची मागे सारली आणि शमिकाला जागा करून दिली.

२०२५च्या मे महिन्यापासून, डॉक्टरीणबाईंच्या संमतीने, गुणवंती रविवारी दुपारी वाटीभर भात खाते. पेज घेत नाही; पेज कोणी मोजत नाही, म्हणते.